झाले आणि केले

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो आणि आपण लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवतो. आधी चहा, त्याबरोबर घरच्या चकल्या किंवा लीलो चेवडा, आणि मग ज्याची पाळी असेल त्याचे वाचन, असा साधा क्रम असतो. वाचनानंतर बहुतेक वेळा कौतुकच होते, कारण सगळे एकमेकांना तीस-तीस वर्षे ओळखतात आणि पुढे कधीतरी आपलीही पाळी येणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी तिथे मल्हारराव गायकवाडांवर लिहिलेली दीर्घकथा वाचली. ती लिहायला मला चौदा महिने लागले होते, आणि बडोद्याच्या इतिहासातल्या एका बदनाम माणसाला आपण न्याय मिळवून दिला आहे, अशी माझी मनोमन खात्री होती.

बडोद्याबाहेरच्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. खंडेराव महाराज १८७० साली वारले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव जवळच्या पादरा या गावी कैदेत होते. भावाच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ पासून त्यांना तिथे ठेवलेले होते. कैदेतून ते थेट गादीवर आले खरे, पण महाराणी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या, आणि मुलगा झाला असता तर गादी त्याची झाली असती. मुलगी झाली. मल्हारराव राहिले. खंडेरावांच्या चांदीच्या तोफा होत्या, मल्हाररावांनी सोन्याच्या केल्या. कारभाराविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ साली इंग्रज सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. मग ९ नोव्हेंबर १८७४ या दिवशी ती घटना घडली, जिच्यामुळे बडोद्याचे नाव विलायतेतल्या वर्तमानपत्रांत झळकले. बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर सकाळी फिरून आले, नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बरी वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. तपासणीत त्या गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली.

कथा लिहिणाऱ्याला या प्रकरणाचा मोह पडण्याचे खरे कारण पुढे आहे. खटल्यासाठी सहा जणांचे कमिशन बसले. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बचावासाठी सार्जंट बॅलेंटाइन नावाचे नामांकित बॅरिस्टर इंग्लंडहून आले. शेवटी तिन्ही इंग्रजांच्या मते महाराज दोषी ठरले आणि तिन्ही हिंदी सदस्यांच्या मते विषप्रयोगाचा आरोप शाबीत झाला नाही. मते समसमान पडली, म्हणून सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. तिथेच १८८२ साली ते वारले. पदच्युतीनंतर महिन्याभरात जमनाबाईंनी कवळाण्याच्या एका शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला, आणि पुढचे बडोदे सयाजीरावांचे झाले. ते इतके झाले की ग्रंथालयापासून न्याय मंदिरापर्यंत शहरात जिथे पाहावे तिथे त्यांचाच हात दिसतो, आणि एवढ्या उजेडाशेजारी मल्हारराव आहेत त्याहून काळे दिसतात.

मी कथेची सुरुवात पादऱ्याच्या कैदेपासून केली होती. सात वर्षे एका वाड्यात कोंडलेला, सख्ख्या भावाने कोंडलेला, जेवणाच्या प्रत्येक घासाला विषाची शंका घेणारा माणूस मी रंगवला. त्यानंतर जमनाबाईंच्या बाळंतपणाची वाट पाहण्याचे महिने आले, ज्यांत हा माणूस राजा असूनही राजा नाही. मग फेअर यांचा जाच, वकिलांची धावपळ, फुटलेले साक्षीदार, आणि शेवटी मद्रासच्या दमट हवेत बडोद्याच्या विश्वामित्री नदीची आठवण काढणारा एकटा म्हातारा. (मल्हारराव मद्रासला गेले तेव्हा म्हातारे नव्हतेच, पण करुणा आणायची म्हटली की लेखकाचा हात आपोआप पात्राच्या केसांना चुना लावतो.) वाचन संपले तेव्हा एकदोघींचे डोळे ओले होते, आणि मी समाधानाने पाण्याचा पेला उचलला.

आमच्या मंडळात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांची सारी नोकरी न्यायालयात लघुलेखनिक म्हणून गेली, आणि इतरांचे बोलणे शब्दन्‌शब्द टिपून घेण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, त्या स्वतः फार कमी बोलतात. त्या म्हणाल्या, “कागद चांगला झालाय. पण हा वकिलाचा कागद आहे.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. “मधे एक वाक्य होतं, ते परत वाच बरं. अन्यायाचं.”

मला ते शोधावे लागले. अठ्ठावीस पानांच्या कथेत एकविसाव्या पानावर ते वाक्य होते: “या काळात राज्यात काही अन्यायही झाले.”

“झाले,” मावशी म्हणाल्या. “पाऊस झाला, तसे.”

त्या संध्याकाळी मी घरी चालत आले. सूरसागराच्या कठड्याशी थोडी थांबले, भेळ घेतली, आणि अर्धी तशीच टाकून दिली. मला राग आला होता, आणि तो राग मावशींचा नव्हता हे समजायला बरेच दिवस लागले.

“झाले” हे क्रियापद आपल्या भाषेत फार सोयीचे आहे. कप फुटला, उशीर झाला, दूध उतू गेले, बोलणे राहून गेले. मूल चार वर्षांचे होईपर्यंत त्याला हे व्याकरण कोणी न शिकवता येते, आणि “कप फोडलास ना?” या प्रश्नाला “नाही, फुटला” असे उत्तर देताना त्याची नजर खाली असते. जो कर्ता आपल्याला सांगायचा नाही त्याला वाक्यातून अलगद उचलून बाहेर ठेवता येते आणि वाक्य तरीही शुद्ध राहते. माझ्या कथेत मल्हाररावांवर जे जे ओढवले ते सगळे कर्त्यासह आले होते: खंडेरावांनी कोंडले, फेअरने छळले, साक्षीदारांनी दगा दिला. मल्हाररावांनी स्वतः जे केले ते मात्र “झाले” होते.

मी पुन्हा टिपणे काढली. १८७३ च्या आयोगापुढे ज्या तक्रारी आल्या होत्या त्यांत खंडेरावांच्या काळातल्या माणसांचा केलेला छळ होता, सावकारांची लूट होती, आणि शहरातल्या स्त्रियांना जबरदस्तीने धरून आणून राजवाड्यात लौंडी म्हणून ठेवल्याच्या तक्रारीही होत्या. हे सगळे मी चौदा महिन्यांपूर्वी वाचलेले होते. वहीत माझ्याच अक्षरात उतरवलेलेही होते, आणि शेजारी समासात लिहिले होते, “कथेच्या ओघात बसत नाही.” कशाच्या ओघात, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

हल्ली खलनायकाला माणूस करायचे म्हणजे त्याला वाईट बालपण द्यायचे, अशी एक समजूत पक्की झाली आहे. बाप मारकुटा असतो, आई लवकर गेलेली असते, गावाने अपमान केलेला असतो, आणि मग वाचकाला वाटते की याच्या जागी आपणही असेच वागलो असतो. मला यात एक लबाडी दिसते, आणि ती दिसते कारण मी ती केलेली आहे. दुःखाची भरपाई म्हणून दुष्कृत्य वसूल करू दिले, तर त्या माणसाचा निर्णयच नाहीसा होतो. मागून कोणीतरी ढकलले आणि हा पुढच्यावर पडला, एवढाच हिशेब उरतो. अशा पात्राची कीव येते. त्याच्याशी आपली ओळख होत नाही.

आपल्या शहराने या बाबतीत एक मोठे काम करून ठेवले आहे, ते मला तेव्हा आठवले. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती इथल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. तिच्या अयोध्याकांडात कैकेयीचा प्रसंग वाचण्यासारखा आहे. रामाला उद्या यौवराज्याभिषेक होणार हे मंथरा सांगते, तेव्हा कैकेयीला आनंद होतो आणि त्या आनंदात ती मंथरेला एक अलंकार बक्षीस देते. मंथरा तो फेकून देते. मग बोलणे सुरू होते, बराच वेळ चालते, आणि त्या बोलण्याच्या ओघात राम आणि भरत यांच्यात भेद न मानणारी एक बाई हळूहळू दुसरीच होत जाते. दागिना देणारी आणि क्रोधागारात जमिनीवर पडून राहणारी बाई एकच आहे, आणि मधल्या कोणत्याही क्षणी ती “पुरे, जा आता” असे मंथरेला म्हणू शकली असती. पुढच्या काही रामकथांना हे सोसले नाही. त्यांत देव सरस्वतीला पाठवतात, ती बुद्धी फिरवते, आणि दोष वरच्या वर आभाळात जातो. म्हणजे तिथेही शेवटी “झाले” आले. भाविकाचे मन त्याने शांत होत असेल, त्याला माझी हरकत नाही. पण मला जी कैकेयी रात्री आठवते ती हातातला अलंकार काढून देणारी आहे, कारण ती बाई मला माहीत आहे. चांगल्या बातमीने आनंदणारी आणि तासाभरात त्याच बातमीने जळणारी बाई मी आरशातही पाहिलेली आहे.

आता जे सांगणार आहे ते मी वाचनमंडळातही सांगितलेले नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी एका कचेरीत होते. शेजारच्या टेबलावर माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी एक मैत्रीण बसायची, जी मला पहिल्या दिवसापासून हाताशी धरून काम शिकवत आली होती. एका संध्याकाळी तिच्या टेबलावरची एक फाइल, नोंद न करता, घरी काम पुरे करावे म्हणून मी पिशवीत घातली आणि रिक्षात विसरले. रजिस्टरवर सही तिची होती. चौकशी लागली तेव्हा साहेबांनी टिपण लिहायला मलाच सांगितले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि गुजराती शुद्ध होते. मी लिहिले, “फाइल गुम थई गई छे.” गुजरातीतही तीच सोय आहे. फाइल हरवली गेली होती, कोणी हरवली नव्हती. मैत्रिणीची एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी मला फार वाईट वाटले. मावशींच्या त्या वाक्यानंतर, एका रात्री वही पुढ्यात घेऊन, तो दिवस मी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, म्हणजे दुपारी बाराच्या पुढचे एकेक मिनिट. टिपणावर सही झाली. आम्ही तिघीजणी बाहेर सेव उसळ खायला गेलो. मला कडकडून भूक लागली होती. मी तरी दोनदा मागून घेतली, वर कांदा आणि लिंबू घेतले, आणि शेवटच्या पावाच्या तुकड्याने ताटली पुसून खाल्ली. तोंड भाजले होते, नाक गळत होते, आणि खूप बरे वाटत होते. वाईट वाटणे दूरच राहिले, संकट टळल्यावर अंगात जो एक हलकेपणा येतो तो आला होता. त्या आठवड्यात मी तिच्याशी नेहमीपेक्षा गोड वागले. तिच्या मुलीसाठी रंगीत खडूंची पेटी नेली. ती पेटी लाच नव्हती, मला खरोखरच तिच्याविषयी माया दाटून आली होती. वाईट वाटायला मागाहून लागले, काही महिन्यांनी, जेव्हा ते वाटून घेणे स्वस्त झाले होते.

हे आठवल्यावर माझ्या कथेत काय बिघडले आहे ते मला दिसले. मी मल्हाररावांच्या मनात दुःख शोधत होते आणि सापडले नाही तिथे भरत होते. त्या घटकेला माणसाला भूक लागू शकते, हे मला माहीत असूनही लिहावेसे वाटले नव्हते.

म्हणून मी कथा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतली, आणि सुरुवात महाराजांपासून न करता रेसिडेन्सीतल्या हवालदारापासून केली. खटल्यातला सरकारचा मोठा साक्षीदार रावजी हवालदार होता. सरबतात पूड टाकल्याचे त्याने कबूल केले आणि तो माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या पट्ट्यात सोमलाची एक पुडी सापडल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि ती पुडी पोलिसांनीच तिथे ठेवली असा रोख ठेवून बॅलेंटाइन यांनी त्या पुराव्यावर झोड उठवली. खरे काय ते कमिशनलाही एकमताने ठरवता आले नाही, आणि ते ठरवणे माझे काम नव्हे. मी नाव बदलले, माणूस बदलला, पण पट्टा ठेवला. रोज सकाळी अंगावर चढवायचा, पितळी बकल चिंचेने घासून लख्ख करायचा पट्टा, आणि त्याच्या आतल्या घडीत कागदाची पुडी. माझ्या कथेतला हवालदार पट्ट्याच्या बाबतीत फार काटेकोर आहे. पुडी ठेवल्यापासून पट्टा एका बाजूने किंचित फुगतो, आणि त्याला पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा त्या फुगवट्याचीच लाज जास्त वाटते. सरबताच्या पेल्याखाली टेबलावर ओले वर्तुळ उमटते, ते तो साहेब येण्याआधी दोनदा पुसतो. पूड टाकल्यावर तिसऱ्यांदा पुसतो. त्याच्या बालपणाविषयी मी एक अक्षर लिहिले नाही. तो दुपारी घरी जातो आणि बायकोला म्हणतो, “वाढ, फार भूक लागलीय.”

हा प्रसंग लिहायला तीन दिवस लागले. महाराजांचा प्रसंग लिहायला पाच महिने लागले.

कारण तिथे ती स्त्री होती. मांडवीजवळच्या एका गल्लीतून धरून आणलेली, मी कल्पिलेली, पण जिच्यासारख्या खऱ्या स्त्रियांच्या तक्रारी आयोगापुढे गेल्या अशी. पहिल्या काही खर्ड्यांत ती नुसती रडत होती, आणि रडणारी बाई पानावर असली की वाचक तिच्याकडे न पाहता तिला रडवणाऱ्याकडे पाहतो, हे माझ्या हळूहळू ध्यानात आले. मग एके दिवशी तिला आठवले की निघण्याच्या आधी तिने विरजण लावलेले होते आणि पातेल्यावर झाकण ठेवायचे राहिले होते. एवढे सुचल्यावर ती बाई उभी राहिली. राजवाड्यात बसून ती विरजणाचा हिशेब करते: सकाळपर्यंत लागेल, दुपारपर्यंत आंबट होईल, उद्या फेकावे लागेल, सासू फेकणार नाही, कढी करील. तिच्या तोंडी मी दयेची याचना घातली नाही. तिला दया नको आहे, घरी जायचे आहे.

आणि मल्हारराव तिथे येतात. त्यांना पादऱ्याची सात वर्षे ठाऊक आहेत, दाराबाहेरच्या पावलांचा अर्थ लावत बसणे ठाऊक आहे, समोर आलेल्या ताटाकडे पाहत राहणे ठाऊक आहे. तिच्यासमोरचे ताट तसेच आहे हे पाहून ते विचारतात, “जेवली नाहीस?” हे ते मनापासून विचारतात, आणि तिच्या जागी स्वतःला पाहूनच विचारतात. क्षणभर वाटते की आता हा माणूस तिला सोडील. मग ते म्हणतात, “सवय होते,” आणि निघून जातात. पहिल्या कथेत पानेच्या पाने व्यापणारी पादऱ्याची कैद आता त्या दोन शब्दांत मावली. मल्हाररावांच्या क्रियापदाला कर्ता इथेही नाही, पण या वेळी ते व्याकरण त्यांचे आहे, माझे नाही.

नवी कथा मी गेल्या माघात मंडळात वाचली. कोणाचे डोळे ओले झाले नाहीत. एक गृहस्थ म्हणाले की पहिली जास्त भिडली होती, आणि तेही आपल्या परीने खरे बोलत होते. पहिल्या कथेने त्यांना एका दुर्दैवी राजासाठी रडू दिले होते, दुसरीने त्यांच्या त्या रडण्याची थोडी अडचण केली होती. मावशींनी हात पुढे करून तेवढेच एक पान मागून घेतले, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरले, आणि पेन काढून “विरजण”चा र्‍हस्व वि मी दीर्घ केला होता तो दुरुस्त करून परत दिले.

परवा खंडेराव मार्केटमध्ये गेले होते. हे मार्केट सयाजीरावांनी आपल्या दत्तकपित्याच्या, म्हणजे पादऱ्याची कैद फर्मावणाऱ्या त्या थोरल्या भावाच्या नावाने बांधले. तिथे ती मैत्रीण भेटली. आम्ही आता वर्षातून एकदा-दोनदा अशाच भेटतो. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, गुडघ्याचे दुखणे आहे, खडूंची पेटी मिळालेली मुलगी कॅनडात आहे. ती तोंडली निवडत होती, एकेक बोटाने दाबून, आणि भाजीवाली “पादरानां छे बेन, ताजां छे” असे म्हणत तराजू पुढे करत होती.

“अजून लिहितेस का गं?” तिने विचारले.

“हो.”

“सध्या कशावर?”

“मल्हाररावांवर,” मी म्हटले. “त्या सरबताच्या खटल्यावर.”

“बाई गं, केवढा जुना विषय,” ती म्हणाली, आणि एक पिकलेले तोंडले बाजूला काढून तिने माझ्या पिशवीचे तोंड धरले, कारण मला एका हाताने मेथीची जुडी आत सरकवता येत नव्हती.